आबांची गोळी, माझा डबा

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. सोनगीरच्या अलीकडे आमचं गाव. तिथून दर आठवड्याला पहिल्या एसटीने ते धुळ्याच्या बाजाराला यायचे. बैलाचा भाव तिथे तोंडाने ठरत नसे. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा, समोरचा त्याखाली हात घालायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. बोटाचं पेर दाबलं की अर्धा. एक म्हणजे शंभर की हजार, हे बैलाकडे बघून कळायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा दोघांनाच ठाऊक.

ही बोटांची भाषा आबांनी आम्हा भावंडांना आईच्या पदराखाली शिकवली. मी धाकट्या भावाच्या आधी शिकले आणि त्याला प्रत्येक वेळी हरवलं. आबा कौतुकाने हसायचे. पण बाजारात नेलं त्यांनी भावाला. तो दोन बाजारांत कंटाळला आणि शेतीकडे वळला. मी सातवीतून घरी बसले आणि पुढे लग्न होऊन धुळ्याला आले. हे मी विसरलेले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही कधी केलेला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त टोचली. नवऱ्याच्या पगारात भागेना, तेव्हा मी अंगावरचं सोनं मोडून पिठाची चक्की टाकली. दोन वर्षांनी शेजारी मिरची कांडायचा डंका बसवला. जागा मी बघितली, मोटारीचा भाव मी पाडला, लाइनवाल्याशी मी भांडले. चक्कीच्या पूजेच्या दिवशी आबा आले होते. दारात उभं राहून त्यांनी चक्की बघितली, पट्ट्याला हात लावून बघितला, माझ्या लेकीच्या हातावर रुपया ठेवला आणि समोरच्या नगरपालिकेच्या नळावर जाऊन पाणी प्यायले. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या वडिलांचाही होता. मी पुरणाचं ताट वाढून ठेवलं होतं. ते संध्याकाळी मी रागाने शेजारणीला देऊन टाकलं. त्यानंतर दर बाजारी ते चक्कीवर येत, तासभर बाकावर बसत, आणि तहान लागली की रस्ता ओलांडून नळावर जात. दहा वर्षं मी हे बघितलं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. एका बाजारी त्यांनी रुमालाखाली विकणाऱ्याची दोन बोटं धरली, आणि थरथरीत तिसरंही दाबलं गेलं. त्याने तीन समजून होकार दिला. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा भांडण पेटलं. आबांनी चूक कबूल केली, त्या सौद्याची दलाली सोडली, दोघांना समजावलं. पण बाजारात अशी गोष्ट चहा थंड व्हायच्या आत पसरते. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या रुमालाखाली कुणी हात घालेना. तरी ते यायचेच. रुमाल खांद्यावर टाकून निंबाखाली बसायचे आणि रिकामे परत जायचे. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

मी त्यांना जळगावला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना चालवून बघितलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, सही करायला सांगितली. सहीची अक्षरं मुंगीएवढी आली. कंपवात आहे, म्हणाले. मुळापासून जाणार नाही, पण गोळ्यांनी माणूस बरीच वर्षं हिंडता-फिरता राहतो. आबांनी एकच विचारलं, "डाक्टरसाहेब, मना हात रुमालमा चाली का?"

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मी रुमालाचा व्यवहार समजावून सांगितला. ते म्हणाले, "सांगता येत नाही. पण प्रयत्न करू." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आबांचा हात रुमालाखाली परत गेला पाहिजे.

गोळी दिवसातून तीनदा, जेवणाआधी, पाण्याबरोबर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात आबांना मळमळायला लागलं. आता आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं की औषध गरम असतं आणि गरमीवर उतारा दूध. मी भावजयीला निरोप धाडला, की गोळी दुधाबरोबर द्या. मळमळ कमी झाली. मी स्वतःवर खूश झाले आणि डॉक्टरांना विचारायची गरज मला वाटली नाही.

आबा वाळायलाही लागले होते. जो भेटेल तो काही ना काही सुचवत होता. कुणी बदाम सांगितले, कुणी पायाचं सूप. सातपुड्यातला एक वैदू खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण घेऊन आला. मला डब्यातली पावडर पटली. जळगावच्या औषधांच्या एका ठोक दुकानात प्रथिनांच्या पावडरचे डबे होते, वर पिळदार माणसाचं चित्र. मी एका डब्याचा भाव विचारला, मग सहांचा, मग बाराचा. दुकानदार हात जोडायच्या बेताला आला तेव्हा सौदा पटला. डझनभर डबे घेऊन मी एसटीत बसले, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं की लग्नाचा आहेर आहे का.

गावी निरोप गेला, की गोळीच्या दुधात दोन चमचे पावडर, तिन्ही वेळा, चुकवायची नाही.

महिना गेला. आता ऐका, काय झालं. बाजाराच्या दिवशी आबा चक्कीवर येऊन बरे व्हायचे. सकाळी आले की बाकावर लाकडासारखे बसत. मग खिशातून गोळी काढत, नळावर जाऊन पाण्याबरोबर घेत, आणि तासाभरात चेहरा सैल व्हायचा. दुपारच्या गोळीचंही तसंच. तीनला बाजारातून परतताना पावलं मोकळी पडायची. एकदा त्यांनी माझ्या चक्कीचा पट्टा स्वतः चढवून दिला. आणि गावी? भाऊ सांगायचा, की आबा दुपारभर खाटेवर, बटण लावता येत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही.

मी हिशेब मांडला. माझ्याकडे आले की बरे, सुनेकडे गेले की आजारी. म्हणजे सून पावडर देत नाही. डबा कुठे जातोय? तिची तीन पोरं चांगली गुबगुबीत होती.

मी गावी गेले आणि ओट्यावरच सुरू झाले. भावजय माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, शांत बाई. मी बोलत होते आणि ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं की माझ्या बापाच्या तोंडचं काढून पोरांना चारता. ती म्हणाली, डबा बघा, रोज देते. मी म्हटलं, बघतेच. डब्याच्या आत कागदाची पट्टी चिकटवून मी पेन्सिलीने रेघा मारल्या. सोमवारी इथपर्यंत, मंगळवारी इथपर्यंत. वर सांगून आले, की दोनच्या जागी तीन चमचे द्या. शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मला त्याचंही काही वाटलं नाही.

पुढच्या बाजारी आबा आले नाहीत. भावाने एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, की त्यांना फाट्यापर्यंत चालवत नाही.

चटणीचा हंगाम नुकताच संपला होता. मी डंका बंद केला, नवऱ्याला रजा काढायला लावून चक्की त्याच्यावर सोपवली आणि आठ दिवसांसाठी माहेरी गेले. डबा उघडून पट्टी बघितली. पावडर शनिवारच्या रेघेला टेकली होती, ना वर ना खाली. तरी माझी खात्री पटली नाही. मी भावजयीला सांगितलं, आजपासून मी देणार.

पहिल्या सकाळी आबा उठले ते त्यातल्या त्यात बरे होते. काठी न घेता परसात जाऊन आले. मी दूध तापवलं, तीन चमचे पावडर घोटली, गोळी हातावर दिली आणि समोर बसून पेला रिकामा होईपर्यंत हलले नाही. मग वाट बघत बसले. चक्कीवर तासात चेहरा सैल होतो, इथेही व्हायला पाहिजे. तास झाला. सैल व्हायच्या जागी चेहरा घट्ट होत गेला. दीड तासाने ते खाटेवरून उठायला गेले आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहिले. उजवा हात मांडीवर पीठ चाळल्यासारखा हलत होता. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि भावजय माझ्याकडे. दुपारी तेच, संध्याकाळी तेच.

मी खाटेसमोर बसून विचार केला. माझ्या धंद्यात धान्य तेच आणि पीठ वेगळं निघालं, तर चक्कीत काय बदललं ते आधी बघायचं. माणूस तोच होता आणि गोळीही तीच. धुळ्यात काय वेगळं होतं? हवा म्हणावी तर गावचीच चांगली. मग ते डोळ्यांपुढे आलं, जे बारा वर्षं माझ्या डोळ्यांत खुपत होतं. आबा रस्ता ओलांडून नळावर जातात. माझ्या घरचं दूध नको, चहा नको, घोटभर पाणी नको. उपाशीपोटी गोळी, वर नळाचं पाणी. बाजारच्या दिवशी दूध आणि पावडर त्यांच्या पोटात जातच नव्हती, कारण ते लेकीच्या दारात बसलेले असायचे.

दुसऱ्या सकाळी नुसतं पाणी आणि गोळी दिली. मळमळायला नको म्हणून बरोबर मूठभर ज्वारीच्या लाह्या. पाऊण तासाने आबांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावली, वरपासून खालपर्यंत. मग दारापर्यंत गेले आणि आत वळून म्हणाले, "आज काय शे? बठ्ठं आंग हलकं वाटी ऱ्हायनं."

भावजयीने हातातलं काम थांबवलं. तिला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, माझं चुकलं. असं वाक्य मी फार कमी वेळा बोलले आहे, त्यामुळे ते नीट निघालंही नाही. ती म्हणाली, "अक्का, डबा तुमना, रेघ तुमनी. मी तं नुस्ती रेघलोंग काढी देत व्हतू." मी आखलं तिथपर्यंतच ती काढत होती; एवढं बोलून ती परत कामाला लागली. कुंपणाच्या बायका आज नेमक्या नव्हत्या. म्हणून संध्याकाळी मी स्वतःच त्यांच्या ओट्यांवर जाऊन सांगून आले, की पोरांनी काही खाल्लं नव्हतं, चूक माझी होती. ज्या ओट्यांनी आरोप ऐकला, त्यांनी हेही ऐकायला हवं होतं.

आठ दिवस संपायच्या आधीच आम्ही जळगावला गेलो. दूध, पावडर, रेघा, लाह्या, नळ, सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत पुढे झाले आणि म्हणाले, "हे तुम्ही स्वतः शोधलंत?" मग त्यांनी समजावलं. दूध, डाळ, अंडं, मांस आणि ती पावडर यांत प्रथिनं असतात. पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला प्रथिनांना आणि या गोळीला एकच दार. दोघं एकदम गेली की दारात दाटी होते आणि गोळी मागे राहते. मला लगेच पटलं. सणाच्या आदल्या दिवशी माझ्या चक्कीच्या दारात तेच होतं.

मी म्हटलं, मग डबे नाल्यात ओतते. ते म्हणाले, मुळीच नाही. आबा वाळले आहेत, प्रथिनं त्यांना हवीतच, फक्त वेळ बदला. गोळी पोट रिकामं असताना. त्यानंतर तासाभराने जेवण, दिवसा साधं, भाकर, भाजी, फळ. डाळ, दूध आणि पावडर रात्रीच्या जेवणाला, कारण झोपलेल्या माणसाला चालायचं नसतं. खाजकुइलीचंही मी विचारलं. तिच्या बियांत गोळीतलंच औषध निसर्गाने घातलेलं असतं, म्हणाले. म्हणून गोळीवर ती आपल्या मनाने घ्यायची नाही, दुप्पट होतं. आणि शेवटी आबांकडे बघून म्हणाले, "एक गोष्ट मात्र बंद. बाजारच्या दिवशी तीन वाजेपर्यंत उपाशी राहायचं नाही. गोळीनंतर तासाने जेवलंच पाहिजे."

आबांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

कारण पहिली एसटी पहाटेची. त्या वेळी सुनेने चूल पेटवून भाकर बांधून द्यावी तर तिलाही शेतावर जायचं असतं, आणि तिच्या डोक्यावर मी आणखी ओझं घालणार नव्हते. हॉटेलात तिखट आणि तेल. राहिलं माझं घर, चक्कीच्या मागच्या दाराला लागून.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. आबा आले, नळावर गोळी घेतली, बाकावर बसले. घड्याळ बघून तासाने मी ताट आणून शेजारच्या पोत्यावर ठेवलं. ज्वारीची भाकर, गिलक्याची भाजी, काकडी. त्यांनी ताटाकडे बघितलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, "बाई, तुना घरनं मी कधी खादं नही. आते मरता मरता कशाले?"

माझा पारा चढला होता. बारा वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं, पुरणाचं ताट, सातवीतलं दप्तर. पण पिठासाठी डबे घेऊन माणसं उभी होती, आणि भांडून आबांना कुणी काही पटवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांना पटवायची एकच रीत होती.

मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसले आणि म्हटलं, "देत नाही मी. विकते. घ्यायचं तर बोला."

आबांनी ताटाकडे पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि हातावर टाकला. दोन वर्षांत त्या रुमालाखाली कुणाचा हात गेला नव्हता. मी माझा घातला. त्यांचा पंजा अख्खा धरला, पाच रुपये.

त्यांनी दलाल करतात तसं तोंड फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाकरना भाव सांगी ऱ्हायनी का म्हैसना?"

रांगेतली माणसं हसली. आबांनी माझं एक बोट धरलं, मग दुसरं. दोन. मी चारवर आले. त्यांनी दोन बोटं सोडली नाहीत आणि तिसऱ्याचं पेर दाबलं. अडीच. त्यांचा अंगठा जरा फुरफुरत होता. पण दाबलेलं पेर हे दाबलेलं पेर होतं. थरथर बाजूला होती, आकडा बाजूला. मला एकदाही चुकायला झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हात रिकामा असला की जास्त हलतो, कामाला लागला की थांबतो. मी मुद्दाम सौदा लांबवला. शेवटी तीनवर पटला.

आबा जेवले. भाकर मोडून, भाजी बोटांनी गोळा करून, सावकाश, सगळं. मी पीठ दळत होते आणि पाठ त्यांच्याकडे ठेवली होती. मग ते नळाकडे निघाले, दोन पावलं गेले, थांबले आणि माझ्या माठाकडे वळले. पाण्याचे पैसे धरलेत का, असं विचारलं. मी म्हटलं, ताटात आलं.

रांगेत कापडण्याकडचा एक शेतकरी होता. पिठाचा डबा मांडीवर घेऊन त्याने सगळा सौदा बघितला होता. आबांना तो जुना ओळखत असावा. पाणी पिऊन झाल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "आबा, पोळ्याआधी एक जोडी बदलायची आहे. याल का बघायला?"

आबांनी रुमाल खांद्यावर टाकला. आजार गेला नव्हता, तो गेलाच नाही. पुढे गोळ्या वाढल्या, वेळा बदलल्या, काही दिवस वाईटही आले. पण त्या पोळ्यापासून आणखी चार पोळे त्यांनी बाजार केला. भावजय रात्रीची पावडर न चुकता देत राहिली, माझ्या रेघांशिवाय.

त्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या हातावर अडीच रुपये ठेवले. मी म्हटलं, सौदा तीनचा झाला होता. ते म्हणाले, "भाजीमा मीठ कमी शे. आठ आना काप." आणि शेतकऱ्याबरोबर बाजाराकडे चालायला लागले.

पुढच्या आठवड्यात मी मीठ चाखून घातलं, आणि तीन रुपयांवर अडून बसले.